टेकून बसण्याची चाचणी

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही फार विचार करता." आता तुम्हीच सांगा, नको करू विचार? माणसाच्या छातीवर एक पट्टी, मनगटाला एक पट्टा, कमरेला एक डबी, आणि ही तिघं दिवसभर आपापसात बोलत असतात, माझ्याबद्दल, माझ्याच अंगावर बसून, आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही! तुमच्या पाठीमागे दोन माणसं कुजबुजली तर तुम्ही वळून बघता की नाही? इथे पाठीमागेही नाही हो, छातीवर. वळणार कुठे? मी संशय घेत नाहीये हं, मी फक्त विचारतेय.

तुम्हाला सांगते, माझी नोकरीच ती आहे. मी शिकले इलेक्ट्रॉनिक्स, पदवी आहे, पहिला वर्ग आहे, घरात भिंतीवर चौकट करून लावलाय तो कागद, आणि नोकरी लागली ती कशाची म्हणाल तर शरीर म्हणून. हसू नका. आमची चाचणी प्रयोगशाळा आहे. अंगावर लावायची जी उपकरणं असतात ना, हृदयाचे ठोके मोजणारी, साखर मोजणारी, झोप मोजणारी, त्यांनी एकमेकांशी बिनतारी कसं बोलायचं याचं एक स्टँडर्ड असतं. म्हणजे नियम. किती हळू बोलायचं, आधी कोणी बोलायचं, दुसरा बोलत असताना गप्प कसं बसायचं, आणि मुख्य म्हणजे शेजारच्याच्या अंगावर काय चाललंय त्यात नाक खुपसायचं नाही. थोडक्यात, आमच्या बिल्डिंगमधल्या कोणालाही ज्या गोष्टी आजवर जमल्या नाहीत त्या. आणि कंपन्या म्हणतात, आमचं उपकरण हे सगळं पाळतं. मग ते खरंच पाळतं का हे बघायला एक अंग लागतं. ते अंग मी.

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी मला पट्टी लावली आणि प्रश्न विचारायला लागले, तेवढ्यात मागे कोणीतरी दार आपटलं. मी खुर्चीतून वीतभर वर! मला वाटलं, गेली नोकरी. तर समोरचे चारही जण पडद्याकडे बघतायत, चेहऱ्यावर अगदी दिवाणखान्यात कारंजं उडाल्यासारखा आनंद. एक जण म्हणाला, काय सुंदर चढ आहे. माझ्या घाबरण्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सुंदर म्हणालं. तिथल्या तिथे घेतलं मला.

आमचे वरिष्ठ इंजिनिअर आहेत, त्यांना आम्ही पाठीमागे फूटपट्टी म्हणतो, कारण ते प्रत्येक गोष्टीतलं अंतर मोजतात, दोन खुर्च्यांमधलं, दोन कपांमधलं, मला वाटतं बायकोशीही मोजून मापूनच उभे राहत असतील. ते मला नावाने हाक मारत नाहीत. "देह उभा करा. देह बसवा. देहाने उजवा हात मागच्या खिशात घालावा." कारण हात अंगामागे गेला की सिग्नल अडतो, आपलं अंग म्हणजे मुळात मिठाच्या पाण्याची पखाल, सिग्नल पिऊन टाकते. देह उठतो, देह बसतो, देह वाकतो, देह चालतो, देहाला जेवायला जायचं असतं पण ते चाचणीत नसतं.

आणि दुसरा देह म्हणजे आमचा शांतोबा. तो माणूस नाही, पुतळा आहे. आत जेली भरलेली, माणसाच्या मांसासारखा सिग्नल पिणारी, बाहेर प्लास्टिक, डोकं आहे, चेहरा नाही. शांतोबाचं काय कौतुक सांगू तुम्हाला! तो खोकत नाही, दचकत नाही, घामेजत नाही. फूटपट्टी रोज मला ऐकवणार, शांतोबाचे आकडे बघा किती स्वच्छ येतात. अहो येणारच, त्याला काळीजच नाही! त्याच्या छातीत खोट्या ठोक्यांचं एक यंत्र बसवलंय, ते चालू केलं तर ठोके, नाहीतर शांतता. मला कुठे बटण आहे?

तर हे झालं ऑफिसचं. आता खरी गोष्ट. माझे बाबा.

बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होते. दोन मजल्यांच्या मधे, काळोखात, दोरावर उभं राहून शीळ घालणारा माणूस. शांतोबा कमी शांत म्हणावा. ते निवृत्त झाले आणि एक दिवस जिन्यात त्यांना चक्कर आली. एकदाच. पण आई म्हणाली, ज्या माणसाने जन्मभर लिफ्टमधे काढला तो जिन्यात पडतो याचा अर्थ काय? आणि नेलं दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, फक्त बोलताना पेनाचं टोक आत-बाहेर करतात, टिक्-टिक्, आणि मला प्रत्येक टिक् म्हणजे एक वाईट बातमी वाटते. त्यांनी बाबांना छातीवर पट्टी आणि कमरेला डबी दिली. म्हणाल्या, काही दिवस वापरा, ठोके बिघडले की डबी वाजेल, मला कळेल आणि घरच्या एका माणसाच्या मोबाईलवरही कळेल. घरचा एक माणूस म्हणजे कोण, हे सांगायला नकोच. आईने मोबाईल असा पुढे केला, जशी काही ती याच दिवसाची वाट बघत होती.

मी पट्टी उलटसुलट करून पाहिली. तीच कंपनी! जिची पट्टी आम्ही नुकतीच प्रयोगशाळेत तपासून पास केलेली. मी शांतोबाशेजारी बसून स्वतः तपासलेली. मला इतकं बरं वाटलं... आणि मला बरं वाटलं की समजावं, काहीतरी होणार.

झालंच. डबी वाजायला लागली.

सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळी. बाबा कोचावर बसलेत, समोर टीव्हीवर हवामानाच्या बातम्या, ढग अंशतः की पूर्णतः यावर चर्चा, आणि डबी टूंईं टूंईं. आईच्या मोबाईलवर लाल अक्षरं. आई आतून पळत येणार, आधी बाबांकडे बघणार, मग टीव्हीकडे बघणार, मग टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईकडे बघणार. कोण आहे ही, रोज हीच असते का, असं विचारायची. बाबा म्हणायचे, अगं, ती पाऊस सांगते. आई म्हणायची, ते दिसतंय मला.

आणि मी? मी बाबांच्या शेजारी, त्यांच्या खांद्याला टेकून. लहानपणापासून माझी ती जागा आहे. ऑफिसातून आलं, पाय वर घेतले, बाबांच्या दंडावर डोकं टाकलं की मग मी दिवस संपला म्हणते. आणि तिथे बसल्या बसल्या मी संशय... नाही, संशय घेत नव्हते हं, मी फक्त विचारत होते. वरच्या मजल्यावरच्यांनी नवीन वायफाय लावलंय, ते बंद करून बघता का? त्यांनी दार लावून घेतलं. टीव्हीचा रिमोट मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. मायक्रोवेव्हची पिन काढली. शेजारच्या काकांच्या कानातलं ऐकायचं यंत्र, त्यांना विचारलं, काका, संध्याकाळी जरा काढून ठेवाल का? ते म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही. आमच्या घरात, अख्ख्या मजल्यावर, वीज खाणारी एकही वस्तू राहिली नाही जिच्याकडे मी डोळे बारीक करून बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. आलेख समोर पसरला. सकाळभर बाबा म्हणजे सपाट माळरान, आणि संध्याकाळी एकदम सुळके. टिक्-टिक्. त्यांनी विचारलं, यांना कसला ताण आहे का? बाबा म्हणाले नाही. आई म्हणाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असंच राहिलं तर गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटं यंत्र बसवावं लागेल, शस्त्रक्रिया लहान आहे, पण या वयात लहान असं काही नसतं. बाबा म्हणाले, "बसवा की. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रात हात घातला, आता माझ्यात कोणी घालेल." आणि हसले. त्यांचा हसताना हात मात्र तिथेच गेला, गळ्याच्या हाडावर. तो हात मला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिला.

घरी आल्यावर आईने मला स्वयंपाकघरात नेलं, दार पुढे केलं. तिच्या मोबाईलमधे सगळे लाल निरोप तिने साठवून ठेवलेले. म्हणाली, मी बरोबर लक्ष ठेवलंय, तू ऑफिसातून येतेस, त्यांच्याजवळ बसतेस, आणि यांचं सुरू होतं. तू परवा उशिरा आलीस, तर यांचं उशिरा सुरू झालं. तू मावशीकडे राहिलीस त्या दिवशी काहीच नाही. आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली,

"तू काय लपवतेयस त्यांच्यापासून?"

आता गंमत बघा. मी काही म्हणजे काहीच लपवत नव्हते. पण कोणी असं विचारलं की मला ताबडतोब वाटायला लागतं, काहीतरी असणार. मी आठवायला लागले! आईने माझा चेहरा बघितला आणि तिला खात्रीच पटली. कोण आहे तो, म्हणाली, तो बॅटऱ्या तपासणारा का? म्हटलं आई, तो फक्त बॅटऱ्या तपासतो. ती म्हणाली, सुरुवात अशीच होते.

आणि झोपेत सुद्धा एकच वाक्य डोक्यात, बाबांचं काळीज मी जवळ गेले की बिघडतं. हवामान नाही, वायफाय नाही. मी. आईने मावशीशी बोलणं करून टाकलं, काही दिवस हिला तुझ्याकडे पाठवते म्हणून. डॉक्टरीणबाईंनाही फोन करून विचारलं, मुलगी लांब राहिली तर चालेल ना? त्या म्हणाल्या, करून बघा, फरक पडला तर कळेल. दोन संध्याकाळी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून काढल्या. डबी गप्प. आलेख सपाट. आईने मला तो मोबाईल असा दाखवला, की पोलीस पुरावा दाखवतात ना, तसा. बाबा बाहेरून विचारतायत, ही आत काय करतेय? आई म्हणतेय, तिला काम आहे. कोचावरची माझी जागा दारातून दिसत होती. तिथे बाबांनी वर्तमानपत्र ठेवलं होतं, पण घडी करून, जसं कोणी जागा अडवून ठेवतं तसं.

मावशीकडे जायचा दिवस आला. रविवार, दुपार. बॅग दाराशी. आई खाली रिक्षा बघायला गेली. बाबांनी वर्तमानपत्र उचललं आणि म्हणाले, "जाण्याआधी जरा बस." म्हटलं, नको बाबा. ते म्हणाले, "बस गं. मी काय फुटणार आहे?"

बसले. टेकले नाही आधी, कोपऱ्यात चोरासारखी. त्यांनीच खांदा पुढे केला. मग टेकले. आणि पाचएक मिनिटांत माणूस चक्क झोपला! तोंड उघडं, घोरणं सुरू, लांब, सावकाश, कुठल्यातरी जुन्या लिफ्टसारखं, वर... खाली... आणि डबी वाजली. टूंईं टूंईं. धोका. ठोके धावतायत. मी घाबरून त्यांचं मनगट धरलं. म्हटलं बाबा गेले, मी टेकलेली असतानाच गेले. आणि बोटाखाली काय? ठक्... ठक्... अगदी निवांत. झोपलेला माणूस घोरतोय, हाताला लागतंय की तो झोपलाय, आणि डबी ओरडतेय की तो पळतोय. मग पळतंय कोण? मी दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

पळत मी होते.

अहो, माझ्या छातीवर पण पट्टी होती ना! तीच, त्याच कंपनीची! ऑफिसने दिलेली, घरी लावून फिरायची, आंघोळ केली, झोपलं, तरी डिंक टिकतो का बघायला. फक्त डिंकाची परीक्षा, म्हणून माझी डबी ऑफिसच्या कपाटात. मी तिला विसरूनच गेले होते, चिकटून चिकटून अंगाचीच झाली होती. मी पट्टी ओढून काढली, कातडीसकट निघाल्यासारखी. डबी गप्प. पुन्हा लावली. टूंईं. काढली. गप्प. बाबा जागे झाले आणि त्यांनी बघितलं की मुलगी शेजारी बसून कुरत्यात हात घालून चिकटपट्टी काढतेय, लावतेय, हसतेय आणि रडतेय. ते म्हणाले, मावशीकडे जायचं एवढं टेन्शन असेल तर नको जाऊ.

झालं काय होतं ते सांगते. नियम असा की साधे ठोके रांगेत उभे राहतात, आपला नंबर आला की बोलतात. पण धोक्याचा निरोप असेल तर त्याला रांग नाही, त्याने सगळ्यांना ढकलून आधी बोलायचं. बरोबरच आहे. माझ्या पट्टीला तिची डबी सापडेना, ती बिचारी वणवण करत जी दिसेल त्या डबीशी बोलायला गेली. बाबांची डबी तिला भेटली. आता त्या डबीने विचारायला हवं होतं, बाई, तू कुणाच्या अंगावरची? तेवढंही नाही विचारलं! कंपनीने तिला शिकवून ठेवलेलं की, इतक्या जवळून आवाज येतोय म्हणजे याच अंगावरचा असणार. आणि मी शेजारी बसून बाबांची काळजी करत होते, म्हणजे माझा प्रत्येक ठोका धोक्याचा, म्हणजे पहिला नंबर माझा. बाबांचे ठोके आपले मागे रांगेत उभे, शांतपणे, बहुतेक शीळ घालत. त्या डबीला वाटलं, आम्ही दोघं एकच.

चीड आली होती मला. पण या एका वाक्यापाशी जरा कमी होते.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टींकडे गेले. त्यांचं ठरलेलं, शक्य नाही. "दोन देहांची चाचणी झालेली आहे, तुम्हीच होतात." म्हटलं, होते, पण दोन खुर्च्यांवर, मधे तुम्ही अंतर मोजून खडूने रेघ मारलेली! माणसं अशी बसतात का? ते म्हणाले, मग कशी बसतात? मी म्हटलं, टेकून. ते म्हणाले, कशाला? आता काय सांगायचं या माणसाला! मी संशय घेत नाहीये हं, मी फक्त विचारतेय, यांना लहानपणी कोणी जवळ घेतलं असेल का? म्हटलं, चला, तुम्हीच बसा माझ्या शेजारी टेकून, दाखवते. ते दोन पावलं मागे सरकले, मोजून. म्हणाले, शांतोबाला घ्या.

तर स्वागतकक्षातला कोच चौघांनी उचलून आत आणला. त्यावर शांतोबा बसवला. त्याच्या कमरेला त्याच कंपनीची दुसरी एक डबी, छातीतलं खोट्या ठोक्यांचं यंत्र बंद. शेजारी मी, छातीवर पट्टी, आणि डोकं शांतोबाच्या दंडावर. थंडगार प्लास्टिक, आत जेली हलतेय गुळगुळ. सगळी प्रयोगशाळा गोळा झालेली, बॅटऱ्यावाला सुद्धा, हसू दाबून लाल झालेला. मला इतकी लाज, इतकी लाज... आणि डबी ओरडली! पडद्यावर लाल अक्षरं, धोका, ठोके अतिजलद, त्वरित डॉक्टरांना कळवा. ज्याला काळीज नाही, डोळे नाहीत, जो उभ्या जन्मात दचकला नाही, त्या शांतोबाला हृदयविकार!

फूटपट्टी पुढे आले, त्यांनी शांतोबाच्या छातीवर हात ठेवून बघितलं. खरंच ठेवला! मग म्हणाले, "देहाने... तुम्ही जरा उठा." तुम्ही म्हणाले मला. डबी थांबली. "बसा." मी टेकले. टूंईं. त्याच दिवशी कंपनीला कळवलं, दवाखान्यांना कळवलं, त्या पट्ट्या आणि डब्या परत मागवल्या, आणि आमच्या चाचणीत आता उभं राहणे, बसणे, वाकणे, चालणे, आणि त्याखाली, टेकून बसणे. ती ओळ माझी आहे बरं का.

मी थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बाबांना नवीन पट्टी दिली, दुसऱ्या कंपनीची, तारेची, भोळी. काही दिवसांनी आम्ही तिघं पुन्हा गेलो, तर आलेख सकाळ-संध्याकाळ सपाट. चक्कर म्हणे रिकाम्यापोटी जिना चढल्याची. यंत्रबिंत्र काही नाही. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं तेव्हा मी नीट बघितलं, हात गळ्याच्या हाडापाशी थांबला नाही. आई म्हणाली, मला पहिल्यापासून माहीत होतं यांना काही नाही.

आम्ही उठलो, निघालो, दारापर्यंत पोचलो, आणि मागून टिक्-टिक्. डॉक्टरीणबाई ते जुने सुळके अजून बघतायत. म्हणाल्या, "एक मिनिट. हे यांचं नाही हे कळलं. पण मग हे ज्यांचं आहे, त्यांनी बसा जरा."

तर आता परिस्थिती अशी आहे की पट्टी माझ्या छातीवर आहे. ऑफिसची नाही, डिंकाची नाही, खरी. औषधाच्या कागदावर लिहून दिलेली. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त तुम्ही घाबरता किती ते बघायचंय. आणि ठोके चढले की कळणार कोणाला, तर घरच्या एका माणसाला. या वेळी आईच्या आधी बाबांनी मोबाईल पुढे केला. निवृत्त माणूस. दिवसभर कोचावर बसून माझं काळीज बघत असतो. जरा चढलं की फोन, काय झालं? आता मला सांगा, माझ्यासारख्या बाईचा अचानक फोन वाजला तर ती दचकणार की नाही? दचकले की तिकडे दिसतं. मी फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा फोन, आता काय झालं? आवाज बंद करून पाहिला, तर खिशात थरथरतो, मी रस्त्यात किंचाळते. मी संशय घेत नाहीये हं, पण मला वाटतं त्यांना मजा येते.

...बघा. वाजला.

हॅलो... नाही बाबा, काही नाही झालं. बोलतेय फक्त... लोकांशी... नाही, ओळखीचे नाहीत, पण बरे दिसतायत... हो, पाणी प्यायले... नाही, उभीच आहे... बरं. बरं, बसते.

जरा एक खुर्ची देता का कोणी? मला खरंच काही झालेलं नाही. पण मी नुसतीच बसते म्हणाले की खरंच बसले, हे त्यांना तिकडे ठोक्यांवरून दिसतं.